ओटीपी पुण्याला गेला

२६ जून, रात्री

आज शाहू जयंती. कोल्हापूरच्या दसरा चौकात पुतळ्याला हार घालायला सकाळपासून गर्दी, त्यामुळं गाडी लांब लावून चालत आलो. माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानाचं शटर अर्धं वर जायच्या आतच पायरीवर बसलेली दोघं उठली. बाप आणि लेक. गगनबावड्याच्या बाजूचं गाव, पहिल्या एसटीनं आलेले. बापाच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद, कागदांभोवती प्लास्टिक आणि त्यावर दोन रबर. तिकडं पाऊसच असा की कागद आधी झाकायचे, माणूस नंतर.

पोरीला इंजिनिअरिंगला जायचंय. मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सगळं होतं. एवढे दाखले एका हेलपाट्यात घेऊन येणारं गिऱ्हाईक मी महिन्यातून एखादंच बघतो. फक्त आधार कार्ड भिजून पुसलेलं. म्हटलं, नवीन डाउनलोड करू, दोन मिनिटांचं काम. नंबर टाकला, ओटीपी गेला. कुणाचाच मोबाईल वाजला नाही.

"त्यो चुलत्याचा नंबर हाय," बाप म्हणाला. "आधार काढलं तवा आमच्याकडं फोनच नव्हता."

चुलता पुण्यात कंपनीत. पाळीवर गेला की मोबाईल लॉकरमध्ये. जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबायचं. दोघंही बाकावर बसली. चहा सांगितला तर पोरगी नको म्हणाली, बापानं दोन्ही घेतले.

मग त्यानं विचारलं, "सायेब, पोरींची फी माफ झालीया म्हंत्यात. खरं हाय का?"

खरं आहे, सांगितलं. २०२४ च्या जुलैमध्ये शासनाचा निर्णय निघाला. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मधल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मुलांना निम्मी. मात्र प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच पाहिजे. शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं. तिनं ते मार्कलिस्टच्या झेरॉक्समागं लिहून घेतलं.

"आन् ऱ्हायचं, जेवायचं?"

इथं माझी गाडी अडते. वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावानं, अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या पोरांसाठी. पण तो महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज, मंजुरी असं सगळं होऊन मग खात्यावर येतो. खानावळवाली पहिल्या तारखेला मागते. जाऊन-येऊन करावं तर प्रॅक्टिकल सुटल्यावर गावापर्यंत जाणारी एसटी मिळेलच असं नाही. बाप बोटांच्या पेरांवर हिशेब करत होता. दुधाचं बिल, एका म्हशीचं. मी स्क्रीनकडं बघत बसलो.

मी स्वतः राधानगरी तालुक्यातला. नव्वदच्या दशकात एक ट्रंक आणि वळकटी घेऊन याच चौकातल्या एका बोर्डिंगात उतरलो. महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्यांच्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७ चा, पोर शाळेत नाही घातलं तर बापाला महिना १ रुपया दंड. म्हणजे बोर्डिंग आधी, सक्ती नंतर. अभ्यासकांनी याचा काय अर्थ लावायचा तो लावावा. मला आठवते ती पहिल्या रात्रीची आमटी. पातळ होती, पण होती.

आणि आठवतो माझ्या खोलीतला वरच्या वर्गातला एक पोरगा. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला हाताला धरून कॉलेजच्या ऑफिसात नेलं. ईबीसीचा, म्हणजे फी सवलतीचा फॉर्म कुठं मिळतो, तलाठ्याचा दाखला कधीपर्यंत द्यायचा, कुठल्या क्लार्कला जेवणाआधी गाठायचं, सगळं त्याला पाठ. ही माहिती मला माझ्या बापानं दिली नसती, त्याला माहीतच नव्हती. आज योजना तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत, पैसाही जास्त आहे. पण तो वरच्या वर्गातला पोरगा कुठं आहे? त्याच्या जागी मी आहे, तासाला चार गिऱ्हाइकं आणि फॉर्ममागं शंभर रुपये घेणारा.

कॅपचं वाक्य दोनदा का म्हटलं तेही लिहून ठेवतो. गेल्या साली भुदरगडचा एक पोरगा आला होता. दुसऱ्या राउंडला त्याला लांबचं कॉलेज लागलं. घाईची वेळ, बाहेर रांग. त्यानं विचारलं, इथल्या एका कॉलेजात संस्थास्तरावर, म्हणजे कॅपबाहेर थेट कॉलेजकडून सीट मिळतीया, घेऊ का? मी कीबोर्डवरची मान वर न करता म्हणालो, घे की, घरापासनं जवळ पडंल. संस्थास्तरावरच्या प्रवेशाला शिष्यवृत्ती लागू होत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून त्या मिनिटाला डोक्यात आलं नाही. दिवाळीनंतर दुसरा हप्ता भरायचा तेव्हा त्याला कळलं. आता तो शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासायच्या कामाला आहे. मार्चमध्ये पॅन कार्डच्या कामाला आला होता. नखांत काळी वाळू. "काका, तुमचं काय चुकलं न्हाई," म्हणाला. मी काही विचारलंच नव्हतं.

साडेबाराला चुलत्याचा फोन आला. पुन्हा ओटीपी पाठवला. त्यानं सहा आकडे वाचून दाखवले, मागं कॅन्टीनच्या ताटांचा आवाज. एक आकडा कमी पडला. सात ऐकलं होतं, साठ होतं. म्हणजे सहा आणि शून्य. पोरीनं बापाच्या हातातून मोबाईल घेतला, स्पीकर बंद केला, कानाला लावला आणि म्हणाली, "काका, एकेक आकडा सांगा, सावकाश." आधार उतरलं. लगेच कॅपची नोंदणी सुरू केली, सगळे कागद अपलोड करून अडीचला अर्ज सबमिट झाला.

पैसे घेतले नाहीत तर बाप नाराज झाला, म्हणून प्रिंटचे वीस घेतले. त्यांना सांगितलं, आधी आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या, पुढं महाडीबीटीलाही लागणार आहे. आणि यादी लागली की सीट घ्यायच्या आधी मला फोन करायचा, रात्री अकरा वाजले तरी. पोरीनं नंबर सेव्ह केला, बापाच्या मोबाईलवर. घरात तो एकच आहे, आणि दिवसा तो बापाबरोबर रानात असतो, तिथं रेंज नाही.

रात्री तिचा अर्ज पुन्हा उघडून बघितला. आईच्या नावात एक वेलांटी चुकली आहे. सकाळी पहिलं काम ते.