ओ-एन-सी-ई

तक्रार कशी करायची, हा त्या संध्याकाळचा धडा होता. फोनवर कुणाला काय म्हणायचं, आवाज न चढवता हट्ट कसा धरायचा, शेवटी समोरच्याचं नाव कसं विचारून घ्यायचं. पुस्तकातली उदाहरणं हॉटेलातल्या थंड सूपची होती. माझ्या वर्गातलं कुणी हॉटेलात सूप मागवत नाही. म्हणून मी सांगितलं होतं, प्रत्येकानं आपली खरी तक्रार घेऊन या.

न्यू जर्सीत 18 कम्युनिटी कॉलेजं आहेत. त्यातल्या एकात मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते, आपल्याकडच्या भाषेत तासिका तत्त्वावर. वर्ग साडेसहाला सुरू होतो. निम्मे विद्यार्थी टर्नपाइक या टोलच्या महामार्गाच्या 8ए एक्झिटजवळच्या गोदामांतून थेट येतात, अंगावर ते चमकणारं जाकीट तसंच. न्यू ब्रन्सविकमध्ये मेक्सिकोतल्या ओआहाकाची बरीच मंडळी राहतात, त्यामुळे माझ्याकडेही तीच जास्त. त्यांतल्या काहींची घरची भाषा मिश्तेक किंवा सापोतेक, म्हणजे स्पॅनिशच मुळात शाळेत शिकलेली आणि इंग्रजी तिसरी. शिवाय दोन हैतीचे, एक पोलिश बाई आणि शेवटच्या बाकावर इजिप्तहून आलेले एक गृहस्थ. ते फारसं बोलत नसत. त्यांच्या तोंडून 'प' निघत नाही, अरबीत तो नाहीच. सप्टेंबरपासून मी त्यांच्या 'प'च्या मागे हात धुऊन लागले होते.

तक्रारी आल्या. हीटर चालत नाही. ओव्हरटाइमचे चार तास पगारात धरले नाहीत. मग एक बाई उठल्या. पन्नाशीच्या असतील, मी मनात त्यांना मावशीच म्हणते. त्यांनी पर्समधून नारिंगी रंगाची औषधाची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"माएस्त्रा, फार्मसी चीट. थर्टी पिल. नो थ्री डे."

तीस गोळ्या, तीन दिवसही पुरणार नाहीत. मला वाटलं, आकड्यात काहीतरी गोंधळ झालाय. मी बाटली घेऊन लेबल मोठ्यानं वाचलं : टेक 1 टॅबलेट बाय माउथ वन्स डेली. मावशींनी मान डोलावली, अगदी बरोबर अशा अर्थी. मग दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली आणि वर आणखी एक बोट. एका वेळी एक, दिवसाला अकरा. वेळापत्रकही त्यांनी मनात आखलेलं होतं, दर दोन तासांनी, रात्री नवऱ्याला उठवून.

स्पॅनिशमध्ये ओ-एन-सी-ई हा शब्द आहे. उच्चार ओन्से. अर्थ अकरा.

खरं सांगायचं तर मला हे ठाऊक होतं. माझं स्पॅनिश बाजारहाटापुरतं असलं तरी अकरापर्यंत आकडे येतात मला. पण हा शब्द त्या वर्गात तीन आठवडे फिरत होता आणि प्रत्येक वेळी मावशी तो 'ओन्से' वाचायच्या. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, ओन्से नाही, वन्स. त्या हसून म्हणायच्या, वन्स. मी वहीत टिक करायचे. उच्चार सुधारला, मला वाटायचं काम झालं. त्यांच्या लेखी अमेरिकेत अकराला दोन शब्द होते, इलेव्हन आणि वन्स, एवढंच.

आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. पहिलीपासूनची सोय 2000 साली आली, तोवर आम्ही सुटलो होतो. 'ओ एन सी ई वन्स, वन्स म्हणजे एकदा' हे आम्ही पाढ्यासारखं घोकलं, त्यामुळे असा प्रश्नच कधी पडला नाही. पण पहिल्यांदा हिंदीच्या पुस्तकात 'शिक्षा' वाचलं तेव्हा मला छड्याच दिसल्या होत्या. म्हणजे विसरण्यासारखंही काही नव्हतं.

मी फळ्याकडे वळले, नीट आकृती काढून समजावू म्हणून. मास्तरकीची खोड. तेवढ्यात मागची खुर्ची जोरात सरकली. इजिप्तचे गृहस्थ पुढे आले, त्यांनी माझ्या हातातली बाटली जवळजवळ हिसकावलीच. औषधाचं नाव वाचलं, मिलिग्रॅम वाचले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नो इलेव्हन! वन बिल! वन डे, वन बिल! इलेव्हन, हार्ट स्टॉब!"

"बिल?" मावशी गोंधळल्या. "बिल आय बे... पे. आय पे!" आणि पावती शोधायला पर्समध्ये हात घातला.

कुणीतरी हसलं. त्या गृहस्थांनी फळ्यावर एक सूर्य काढला, त्याखाली एक गोळी. पुन्हा सूर्य, पुन्हा गोळी. असे पाच सूर्य काढून झाल्यावर मावशींचा हात तोंडावर गेला. मग कळलं की हे गृहस्थ अलेक्झांड्रियात फार्मासिस्ट होते. इथं ते खोकी स्कॅन करतात. त्यांच्या फॉर्मवर ते लिहिलेलंही होतं, मी नंतर काढून पाहिलं.

आता प्रश्न, नवऱ्यानं सुरू केल्या का? औषध दुपारीच आणलं होतं आणि तो दहाला शिफ्टवरून सुटायचा. बाटली तर इथंच होती, मावशींच्या पर्समध्ये, तक्रारीचा पुरावा म्हणून. तरी त्या बाहेर जाऊन फोन करून आल्या. कॉरिडॉरमधून "ऊना! ऊना!" ऐकू येत होतं. एक. एक.

दवाखान्यात दुभाषा कोण होता, हे मी विचारलं. बारा वर्षांचा भाचा. त्याला इंग्रजी येतं, पण औषधाच्या खिडकीपाशी तो नव्हता. पुढच्या तासाला मी पुस्तक उघडलंच नाही, 'आय नीड ॲन इंटरप्रिटर' एवढं एकच वाक्य सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषा फुकट द्यावा लागतो, 1964च्या नागरी हक्क कायद्यातून आलेली ही सोय आहे. वर्गात दोघांनाच ती माहीत होती. त्या गृहस्थांनी 'इंटरब्रिटर' म्हटलं, मी काही बोलले नाही.

मावशींचं तक्रारीचं पत्र आठवड्यानं आलं. फार्मसी बाजूला राहिली, पत्र हीटरचं होतं. त्यात घरमालकाला फोन केल्याचं लिहिलं होतं : नॉट वन्स, इलेव्हन टाइम. खरंच अकरा का, हे मी विचारलं नाही. 'टाइम'पुढे एक एस घातला, लाल शाईनं.