हौदाच्या भिंतीवर पाण्याचा जोर किती? माझा अनुभव

कॅनॉलचं आवर्तन (पाणी सोडायची पाळी) लांबणीवर पडलं की द्राक्षबागेचं ठिबक चालवायला हाताशी पाणी लागतं, म्हणून विहिरीशेजारी ७२ हजार लिटरचा हौद जमिनीवर बांधायचं ठरलं. जागा कमी जावी म्हणून मापं निघाली ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. मिस्त्री म्हणाले, "दादा, नऊ इंची विटांत घेऊ, आतनं वॉटरप्रूफ प्लास्टर मारू. काय होत नाही." त्यांचा हात चांगला आहे, त्याबद्दल प्रश्नच नव्हता. पण भिंत नेमकं किती झेलणार आहे, हे मला आधी कागदावर बघायचं होतं.

हिशोब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त: १ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला १ टन, ३ मीटरवर ३ टन. वर शून्य आणि तळाशी ३, म्हणजे सरासरी दीड टन. लांब भिंतीचं क्षेत्रफळ ६ गुणिले ३, म्हणजे १८ चौरस मीटर. १८ गुणिले दीड, २७ टन! पुस्तकी भाषेत साधारण २६५ किलोन्यूटन.

मिस्त्रींना हे समजावताना सेंट्रिंगच्या फळीवर भिंत काढली आणि तिचे एकेक मीटरचे तीन आडवे पट्टे पाडले. वरच्या पट्ट्यावर ३ टन, मधल्यावर ९ आणि खालच्यावर १५. ते बराच वेळ त्या १५ कडे बघत होते. "म्हणजे सगळा खेळ पायथ्याशीच," असं तेच म्हणाले.

या विभागणीमुळे एकूण जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर, इथे १ मीटरवर, लागतो असं धरता येतं. म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीला पायथ्याशी साडेचार टन-मीटरचा वाकवणारा भार. नऊ इंची भिंतीत त्याने दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या आसपास ताण येतो. विटांच्या सांध्यावर ताणासाठी डिझाइनमध्ये १ किलोही धरत नाहीत. शेजारच्या भिंतींचा आधार धरून हा ताण निम्म्यावर आणला, तरी वीट बाद; भिंत सळ्या घातलेल्या काँक्रीटचीच हवी. प्लास्टर पाणी अडवतं, जोर अडवत नाही.

मग खोलीलाच हात घातला. तेवढंच पाणी ६ बाय ६ मीटरच्या हौदात २ मीटर खोलीवर मावतं. भिंतीवरचा जोर १२ टनांवर आला आणि पायथ्याचा वाकवणारा भार साडेचारवरून सव्वाच्या थोडा वर, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. जोर खोलीच्या वर्गाने वाढतो, वाकवणारा भार घनाने. १२ चौरस मीटर जमीन जास्त गेली, पण मला हा सौदा फार फायद्याचा वाटतो.

काकांना शंका होती, की रुंदी वाढली म्हणजे मागचं जास्त पाणी भिंतीला रेटणार. रेटत नाही. दाब ठरतो फक्त खोलीवर, मागे पाणी ४ मीटर असो की ४०० मीटर. सायमन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ सालीच हे दाखवून दिलं होतं.

एवढ्यावर सळ्या मात्र मी ठरवल्या नाहीत. पाण्याच्या टाक्यांसाठी आयएस ३३७० हे वेगळं भारतीय मानक आहे, त्यात भेगांवर कडक बंधनं आहेत, म्हणून डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनीअरकडूनच करून घेतलं. त्यांनी एम-३० या ताकदीच्या दर्जाचं काँक्रीट दिलं आणि पायथ्याजवळच्या उभ्या सळ्या पाण्याच्या बाजूला घ्यायला सांगितल्या, कारण भिंत बाहेर झुकू लागली की ताण आतल्या अंगाला येतो. कोपऱ्यांचंही तसंच. पाणी भिंतीला बाहेर ढकलतं, तेव्हा काही भार तळ घेतो, उरलेला शेजारच्या दोन भिंती ओढून धरतात. त्यामुळे आडवी सळई कोपऱ्यावर तोडायची नाही, काटकोनात वाकवून पुढच्या भिंतीत पुरेशी लांब न्यायची. काँक्रीट ओतायच्या आधी मिस्त्री आणि मी चारही कोपऱ्यांतली प्रत्येक सळई टेप लावून तपासली.

भरताना पाणी थोडं थोडं सोडलं आणि प्रत्येक टप्प्याला थांबून बाहेरून पायथा आणि कोपरे पाहिले. बाहेरून मातीचा भराव सध्या टाकलेला नाही. हौद रिकामा असताना ओली माती उलट आत रेटते, आणि तो भार या डिझाइनमध्ये धरलेला नाही.