फेरी मारल्याशिवाय गाडी देत नाही : आमची वाटचाल

लातूरहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गॅरेज आहे. येथे दुरुस्त झालेली मोटारसायकल आमच्यापैकी एकाने फेरी मारून आणल्याशिवाय मालकाच्या हाती दिली जात नाही. ही फेरी साडेचार किलोमीटरची आणि ठरलेली आहे. आधी डांबरी रस्त्याचा सरळ पट्टा, मग डावीकडे वळून शिवारातली खडबडीत पाणंद, तेथून एक उभा चढ आणि परत दुकान. डांबरीवर गियर आणि ब्रेक कळतात, पाणंदीत शॉकअप आणि हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर फिरते तो भाग, बोलू लागतो, आणि चढावर, इंजिन पुरेसे तापलेले असताना, पिस्टन व क्लचचे काम नीट झाले आहे की नाही हे लपून राहत नाही. पत्र्याच्या एका शेडमध्ये मी एकट्याने सुरू केलेल्या या व्यवसायात आज सात माणसे काम करतात. आमच्या वाटचालीचा हिशेब मला वह्यांपेक्षा त्या त्या काळात फेरीवर नेलेल्या गाड्यांवरून अधिक नेमका आठवतो.

या धंद्यात मला आणले ते वडिलांच्या राजदूतने. वडील, म्हणजे आमचे दादा, रेणापूरच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून रोज पहाटे लातूरला दूध घालत असत. 173 सीसीची, पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलीवरून घडवलेली आणि एस्कॉर्ट्सने तयार केलेली ही गाडी आमच्याकडे दुधाचीच गाडी मानली जाई. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, मागे पेंडीचे पोते, आणि तरीही ती तीन गियरवर संथपणे ओढत राही. पंपावर पेट्रोलमध्ये मापाने ऑइल ओतायचे आणि ते मिसळावे म्हणून गाडी दोन्ही अंगांना हलवायची, हे काम माझ्याकडे असे. दादांच्या पुढे टाकीवर बसून केलेला तो पहाटेचा प्रवास, निळसर धुराचा वास आणि कॅनच्या झाकणांचा आवाज, या माझ्या मोटारसायकलीच्या पहिल्या आठवणी आहेत.

1983 मध्ये राजदूतची ओढ कमी झाली म्हणून दादांनी ती गंजगोलाईजवळच्या एका उस्तादांकडे नेली. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे सायलेन्सरमध्ये आणि धूर बाहेर पडण्याच्या तोंडाशी काजळी घट्ट बसते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. उस्तादांनी सायलेन्सरची आतली नळी काढून गोवऱ्यांच्या विस्तवात लाल होईपर्यंत तापवली, दगडावर आपटून काजळी झाडली आणि अर्ध्या दिवसात गाडी पूर्ववत पळू लागली. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. दादा गाडी घेऊन परतले. मी मात्र तेथेच राहिलो आणि पुढची आठ वर्षे उस्तादांच्या हाताखाली काढली. कोणतीही गाडी आली की पाना उचलण्याआधी ते म्हणत, "पहिले चालवून ये, मग सांग आवाज कुठून येतोय." चुकीचे सांगितले तर पुन्हा पाठवत. आमच्या फेरीचे मूळ तेथे आहे.

त्याच काळात मला येझदी भेटली, आणि आजही मला सर्वांत प्रिय मोटारसायकल कोणती असे विचारले तर मी तिचेच नाव घेतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा बनू लागली आणि 1973 पासून ती येझदी या नावाने आली. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवायचा आणि तोच गियरचा होतो. सराव झाला की क्लच न दाबताही गियर बदलता येतात. नव्या माणसाला तिची किक उलटी बसते, म्हणून अनेक जण तिला हट्टी समजत. ती हट्टी नव्हती, तिला माहीतगार हात लागत असे. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटमधले अंतर फिलर गेजच्या पातळ पट्टीने मोजून नीट लावले आणि टायमिंग जमले की दुसऱ्या किकला ती सुरू होई.

लग्नानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात आम्ही दोघे उस्तादांची येझदी मागून घेऊन माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो. चाकूर, अहमदपूर आणि पुढे लोह्याच्या दिशेने, शंभरच्या आसपास किलोमीटरचा रस्ता, आणि निघालो ते अंधारात. त्या गाडीचा सहा व्होल्टचा दिवा एक्सलरेटर सोडला की मंद होई, म्हणून खड्डा आला तरी मी हात सैल करत नसे आणि मंडळी मागून खांदा घट्ट धरत. थंड हवेत टू-स्ट्रोक इंजिन फार मोकळे चालते. अहमदपूरच्या अलीकडे उजाडले, दोन्ही बाजूंना तुरीचे पिवळे रान दिसू लागले आणि त्या दुहेरी सायलेन्सरचा आवाज रानात घुमत राहिला. पुढे मी कितीतरी वेगवान गाड्या चालवल्या, परंतु तसा प्रवास पुन्हा झाला नाही.

1991 मध्ये मामांनी दिलेल्या पैशांतून पत्र्याची शेड घातली. पहिल्या वर्षी येणाऱ्या गाड्यांत राजदूत, येझदी, लूना, एम-80 आणि मोजक्या बुलेट असत. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असल्यामुळे फेरीला जाताना मनाची तयारी ठेवावी लागे. सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसरचा खटका दाबून अँपमीटरची सुई मध्यावर आणायची, मग खटका सोडून पूर्ण वजनानिशी किक मारायची. घाई केली तर किक उलट येऊन पोटरी फोडत असे. मला बुलेटबद्दल आदर आहे, पण माया नाही. तिच्यावर बसणाऱ्याला लोक पाहतात आणि येझदीवर बसणारा रस्ता पाहतो, असे माझे मत आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, जमीन हादरली. सकाळी किल्लारीची बातमी आली. लातूरहून औसामार्गे चाळीसेक किलोमीटरवरचे ते गाव आणि त्याच्या आसपासची गावे दगडमातीच्या जाड भिंतींच्या माळवदी घरांची होती, आणि ती घरे माणसांवर कोसळली होती. उस्ताद बुलेट घेऊन आणि मी दुकानात दुरुस्तीला आलेली एक राजदूत तिच्या मालकाच्या परवानगीने घेऊन निघालो. पुढे वाहनांची गर्दी आणि पावसाने झालेला चिखल यांमुळे मोठ्या गाड्या अडकत होत्या, तेव्हा औषधांची खोकी, पाव, कंदील आणि कधी एखादा डॉक्टर आम्ही मोटारसायकलीवरून आत पोहोचवला. आठ दिवस दुकान बंद होते. राजदूतने त्या आठ दिवसांत एकदाही दगा दिला नाही, एवढेच मी तिच्याबद्दल सांगेन. तेथे पाहिलेले इतर काही मला अजूनही लिहिता येत नाही.

यानंतरची वर्षे आमच्या वाढीची होत. 1985 मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी-100 ने आणि 1994 मध्ये आलेल्या स्प्लेंडरने आमच्या भागाचे चित्र पालटले. 97.2 सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, ऑइल मिसळण्याची कटकट नाही आणि लिटरमागे पूर्वी कोणी न ऐकलेले अंतर. मोंढ्यात सोयाबीनची पट्टी घेऊन शेतकरी थेट शोरूमकडे वळू लागला. या गाड्या बिघडतात कमी, त्यामुळे आमचा धंदा बसेल असे अनेकांनी बजावले होते. प्रत्यक्षात गाड्यांची संख्याच इतकी वाढली की ऑइल बदलणे, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचे अंतर, लावणे आणि चेन-स्प्रॉकेट यांवरच आम्ही दुसरी शेड बांधली. पावसाळ्यात आमची काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये भरून चाक जाम करते. त्यासाठी पुढचे मडगार्ड उंच बसवून देण्याचे काम आम्ही त्याच काळात सुरू केले आणि ते आजही दर मृगाला जोरात चालते. स्प्लेंडरने आमचे घर चालवले, मुलांची शिक्षणे केली. तिच्यावरील एखादी रम्य आठवण मात्र मला सांगता येत नाही, कारण ती चालवताना आपण काही चालवतो आहोत हे विसरायला होते.

यामाहा आरएक्स-100 ची गोष्ट अगदी निराळी. वजन शंभर किलोच्या आसपास आणि शक्ती 11 अश्वशक्ती. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा, त्यामुळे एवढ्याशा इंजिनात ती उसळी येते. फेरीच्या चढावर ती तिसऱ्या गियरवर असताना मूठ पिळली की पुढचे चाक हलके होत असल्याचे हातांना जाणवे. आमच्या मुलांमध्ये तिच्या फेरीसाठी भांडणे होत, म्हणून मी पाळी लावून दिली होती. 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही बंद झाला. जळल्याशिवाय बाहेर जाणारे पेट्रोल आणि ऑइल यांमुळे टू-स्ट्रोकचा धूर प्रदूषणाच्या नव्या नियमांत बसणारा नव्हता. तो निर्णय योग्यच होता, असे धुरात आयुष्य काढलेला माणूस म्हणून मी मान्य करतो.

सुटे भाग मिळेनासे होण्याआधी आम्ही 1998 मध्ये कर्ज काढून झिजलेला सिलिंडर आतून कोरून नव्या मापाचा करणारी बोअरिंग मशीन आणि लेथ घेतली. हे धाडस करण्यामागे एक जुनी जखम होती. 1995 च्या दिवाळीच्या गर्दीत एका गुरुजींच्या येझदीचा सिलिंडर आम्ही बाहेरून बोअर करून आणला, नवा पिस्टन बसवला आणि संध्याकाळ झाली म्हणून फेरी न मारताच गाडी त्यांना दिली. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील मोकळीक कमी राहिली होती. ती मोजून घेणे माझे काम होते आणि मी ती मोजली नव्हती. रेणापूरच्या अलीकडे इंजिन तापून पिस्टन फुगला, जागीच धरला, मागचे चाक जाम झाले आणि गुरुजी पडले. मनगट मोडले. साडेचार किलोमीटरच्या फेरीत तो चढ लागला असता, तर तो घट्टपणा मला नक्की जाणवला असता. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला आणि एवढेच विचारले, "फेरी मारली होती का?" त्यानंतर आजपर्यंत एकही गाडी फेरीशिवाय दुकानाबाहेर गेलेली नाही, रात्री नऊ वाजले तरी चालतील, पाऊस असला तरी चालेल.

2016 च्या दुष्काळात शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. गाड्या धुण्याचे काम आम्ही बंद केले आणि फडक्याने पुसूनच गाड्या दिल्या. त्या उन्हाळ्यात मोटारसायकलींवर पाण्याचे कॅन इतके वाहिले गेले की मागचे शॉकअप, आरे आणि चाकाचे बेअरिंग बदलण्याचे काम नेहमीच्या कितीतरी पट आले. त्यातील मजुरी आम्ही निम्मी घेतली. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नवे नियम आले, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले आणि पुतण्याने स्कॅनर लावून बिघाड शोधण्याचे शिक्षण घेतले. स्कॅनरने दोष दाखवला तरी तोही आधी फेरी मारून येतो.

आता आमच्या कामाचा मोठा भाग जुन्या टू-स्ट्रोक गाड्या पुन्हा उभ्या करण्याचा आहे. संभाजीनगर, नांदेड, सोलापूर येथून लोक गाड्या टेम्पोत घालून आणतात. आमच्याच रस्त्यावरून ज्या उसाच्या ट्रॉल्या जातात त्यापासूनचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत असते आणि ते हवेतील ओल ओढून घेते. उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीची टाकी त्यामुळे आतून गंजते आणि जुनी रबरी नळी फुगते. म्हणून आम्ही अशा प्रत्येक गाडीची नळी, वॉशर आणि कार्बोरेटरची जेट बदलतो, आणि महिना-महिना गाडी काढणार नसाल तर टाकी रिकामी ठेवा असे मालकाला बजावून सांगतो.

गेल्या हिवाळ्यात गुरुजींच्या मुलाने तीच येझदी आणली. ती कित्येक वर्षे त्यांच्या ओसरीत उभी होती. सिलिंडर आमच्याच मशीनवर बोअर केला, मोकळीक मी स्वतः तीन वेळा मोजली, टाकीला तिचा मूळचा रंग दिला. गाडी तयार झाली त्या दिवशी गुरुजी मुलाबरोबर रिक्षातून आले. वय ऐंशीच्या पुढे गेले आहे, किक मारणे आता त्यांना शक्य नाही. मी हेल्मेट घालून फेरीला निघालो, तेव्हा त्यांनी काठी मुलाच्या हाती दिली आणि मला थांबवून मागे बसले. डांबरी झाली, पाणंद झाली, चढावर मी दुसऱ्या गियरवर मूठ पिळून धरली आणि इंजिन कुठेही न अडखळता वर आले. परत वळायच्या ठिकाणी गुरुजींनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रेणापूरपर्यंत घ्या." मी गाडी सरळ घेतली.