तुम्ही विचारलंत म्हणून: वादळ गेलं, आता मालवणला डाइव्हला जाऊ का?

अरबी समुद्रात वादळ येऊन गेलं की पुण्यातल्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात, आता ऊन पडलंय, वारा पण नाही, या वीकेंडला स्कूबाला जाऊ का? मी बहुतेक वेळा थांबा म्हणते आणि समोरच्याचा हिरमोड होतो, म्हणून कारणं नीट लिहितेय.

वादळ संपलं हे आपण आकाश बघून ठरवतो, पण तळाचं वेळापत्रक वेगळं असतं. लाटेची हालचाल पाण्यात खाली साधारण तिच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत पोचते. दर 10 सेकंदांनी येणारी स्वेल, म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठून आलेली लांब लाट, असेल तर खोल समुद्रात तिची लांबी 150 मीटरच्या वर जाते, म्हणजे 75 मीटरवरचा तळसुद्धा तिला लागतो, आणि आपण तर त्याच्या कितीतरी उथळ पाण्यात उतरतो. शिवाय वादळ किनाऱ्यावर यायलाच हवं असंही नाही. 2019 च्या दिवाळीत क्यार वादळ ओमानच्या दिशेने गेलं तरी सिंधुदुर्गात समुद्र खवळलेलाच होता, आणि ते सरतंय तोवर मागून महा आलं.

आता ढवळलेलं खाली कधी बसतं? वाळू काही मिनिटांत बसते, तिचा त्रास नाही. त्रास चिखलाच्या बारीक कणांचा. 2 मायक्रॉनचा कण अगदी स्थिर पाण्यात 10 मीटर खाली जायला महिनाभर घेतो, खाऱ्या पाण्यात कण एकमेकांना चिकटून जरा लवकर बसतात एवढंच, आणि समुद्र काही स्थिर नसतो, रोजची भरती-ओहोटी त्यांना परत उचलते. त्यात नदीचं पाणी. खडकवासल्याचा विसर्ग थांबला म्हणजे पाऊस संपला असं आपल्याला वाटतं, पण मुठेचं पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं, मालवणशी त्याचा संबंध नाही. तिथे उत्तरेला गड आणि देवबागला कर्ली, दोन्ही सह्याद्रीवरून थेट खाली येणाऱ्या, त्यांनी आणलेला लाल गाळ पाऊस थांबल्यावरही किनाऱ्याला रेंगाळतो.

काय होतं एवढं कमी दिसलं तर, असं विचारतात. पुण्यात आपण स्विमिंग पूलमध्ये शिकतो, तळाची फरशी स्वच्छ दिसते. मीटरभर व्हिजिबिलिटीत वर कुठे खाली कुठे हेच कळेनासं होतं, टॉर्च लावला तर कणांवरून प्रकाश उलटा डोळ्यात येतो, आणि बडी, म्हणजे जोडीने उतरलेला साथीदार, दोन किकमध्ये गायब. बडी दिसेनासा झाला तर जास्तीत जास्त एक मिनिट शोधायचं आणि सावकाश वर यायचं हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण गढूळ पाण्यात ते मिनिट फार लांब वाटतं. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती वादळात तुटलेल्या जाळ्यांची. ती खडकांना अडकून राहतात आणि अंगाला लागेपर्यंत दिसत नाहीत. पहिल्यांदाच डाइव्ह करणाऱ्याला इन्स्ट्रक्टरने धरलेलं असतं हे खरं, तरी सर्ज, म्हणजे लाटेमुळे पाण्याला बसणारा पुढे-मागे हिसका, दोघांनाही खडकावर आपटू शकतो.

आणि प्रवाळाचाही विचार करा ना. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे. अंगावर बसलेला गाळ काढायला प्रवाळाला चिकट स्राव सोडावा लागतो, त्यात त्याची ताकद जाते, आणि अशा वेळी आपण तिथे धडपडत पायातले फिन मारून अजून गाळ उडवायचा, खडकाला धरून उभं राहायचं, हे मला पटत नाही.

मग कधी जायचं? हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा स्वेलचा अंदाज बघा, नुसती उंची नको, दोन लाटांमधले सेकंदही बघा. दोन्ही उतरले की पुढे किमान आठवडा द्या, नद्यांना पूर आला असेल तर त्याहून जास्त. मग घरातल्या दिनदर्शिकेत तिथी बघा, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती निवडा, तेव्हा पाण्याची ओढ कमी असते आणि गाळ कमी उचलला जातो.

शेवटी निघायच्या आदल्या दिवशी बोटवाल्या दादांना फोन करून विचारा की नांगराची दोरी किती खोलपर्यंत दिसतेय. सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये दोरीला पांढरी तबकडी बांधून पाण्यात सोडून हेच मोजलं होतं. दोरी हातभर खाली जाऊन दिसेनाशी होतेय असं ते म्हणाले तर बुकिंगची तारीख पुढची मागून घ्या, त्यांच्याशी घासाघीस करत बसू नका, कारण बोट बंद ठेवून त्यांचंही त्या दिवसाचं उत्पन्न बुडतंच आहे.