निकाल ठाऊक असतानाही

इतिहासातल्या लढाया छोट्या शिपायांनी टेबलावर खेळायच्या, हा आमचा छंद. आमच्या क्लबमध्ये पहिल्यांदा डोकावणारा माणूस आधी टेबलाभोवती एक चक्कर मारतो. सहा फूट बाय चार फुटांचं हिरवं रान, स्पंजची झाडं, थर्मोकोल तासून केलेल्या टेकड्या आणि अंगठ्याच्या पेराएवढे शेकडो शिपाई. तो मोबाईल काढून फोटो घेतो. मग विचारतो, "ही कुठली लढाई?" मी सांगतो, वॉटर्लू. तो जरा वेळ गप्प राहतो आणि मग तो प्रश्न येतोच: "पण वॉटर्लूला नेपोलियन हरला हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. निकाल लागलेली लढाई पुन्हा कशाला खेळता?"

परवा तुम्हीही हेच विचारलंत. तेव्हा मी "मजा येते हो" म्हणून वेळ मारून नेली, कारण माझी पाळी आली होती आणि समोरचा फासे मुठीत धरून खोळंबला होता. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

आधी एक कबुली. या छंदातला निम्म्याहून अधिक वेळ लढण्यात जातच नाही, रंगवण्यात जातो. आमचे बहुतेक शिपाई २८ मिलिमीटरचे. प्लॅस्टिकच्या चौकटीतून हात, डोकं, बंदूक एकेक करून कापायचं, कडा तासायच्या, चिकटवायचं, प्रायमरचा फवारा मारायचा, मग कोट, पट्टा, चेहरा, बूट. शेवटी पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग वरून सोडून द्यायचा. तो खाचांमध्ये जाऊन बसला की मघाशी सपाट दिसणाऱ्या कोटाला आपसूक चुण्या पडतात. इतकी वर्षं झाली तरी त्या वेळी मी ब्रश खाली ठेवून नुसता बघत बसतो. आता हिशोब करा. वॉटर्लूला नेपोलियनकडे साधारण ७२,००० माणसं होती. ३० माणसांमागे एक शिपाई धरला तरी २,४०० होतात, आणि एकाला दीड तास म्हटलं तर ३,६०० तास. तेवढ्यात माणूस एखादी नवी भाषा शिकेल. म्हणून मोठ्या लढाईत आम्ही अख्ख्या पलटणीचा एकच बेस, म्हणजे तळाची पट्टी, करतो, त्यावर चार-सहा शिपाई उभे करतो आणि बाकीचे आहेत असं समजून चालतो. एवढा खटाटोप केल्यावर त्यांना कपाटात ठेवणं जिवावर येतं, हेही खेळण्याचं एक कारण आहेच. पण तुमचा प्रश्न तो नव्हता.

तुमचा प्रश्न आमच्या खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतो. १८ जून १८१५. आदल्या रात्री धो धो पाऊस पडलेला, चिखलात तोफा हलवणं मुश्कील, म्हणून नेपोलियन जमीन वाळायची वाट बघत बसला आणि लढाईला तोंड फुटेपर्यंत साडेअकरा वाजत आले. दुपार कलल्यावर प्रशिया या जर्मन राज्याचं सैन्य, समोरच्या इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या मदतीला, नेपोलियनच्या उजव्या बगलेवर येऊन आदळलं. हे सगळं वाचलेलं असल्यामुळे आमच्याकडे फ्रेंच बाजू घेणारा प्रत्येक जण तेच करतो. सकाळी आठलाच हल्ला करू द्या म्हणून पंचांशी हुज्जत घालतो. ह्युगुमाँच्या वाड्याकडे ढुंकूनही बघत नाही, कारण फ्रेंच पलटणी तिथे दिवसभर अडकून पडल्या होत्या. आणि उजवीकडे, जिथे अजून एकही प्रशियन दिसत नाही, तिथे निम्मं राखीव दळ लावून ठेवतो. का, असं विचारलं तर म्हणतो, "सहज."

अशा माणसाला आम्ही 'उद्याचा पेपर वाचून आलेला सेनापती' म्हणतो.

यावर उपाय आहेत. सुरुवातीची वेळ पंचांनी पक्की करायची. प्रशियन कधी येतील ते फाशावर सोडायचं. ठरलेल्या फेरीपासून दर वेळी एक फासा, सहा पडला की आले. एकदा ते पहिल्याच दानाला हजर झाले, एकदा डाव संपेपर्यंत आलेच नाहीत आणि वेलिंग्टन झालेला आमचा मित्र दर फेरीला दाराकडे बघत होता. किंवा जिंकण्याची व्याख्याच बदलायची. नेपोलियनने लढाई जिंकायची गरज नाही, इतिहासात टिकला त्याहून दोन फेऱ्या जास्त टिकला तरी खेळाडू जिंकला.

या खेळाच्या मुळाशी मात्र याहून चांगलं औषध आहे. प्रशियातल्या रायस्विट्झ बापलेकांचं हे काम. बापाने १८१२ मध्ये राजाला दाखवला तो खेळ टेबलावरचा होता. तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर नेला. नकाशाचं प्रमाण १:८०००, एक फेरी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं, तुकड्या म्हणजे निळे आणि तांबडे ठोकळे. पुढे सगळ्या प्रशियन सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला तो वापरू लागले. त्यातली गोम अशी, की ठोकळे खेळाडू हलवत नाही. तो हुकूम देतो. हुकूम पोचायला किती वेळ लागला, तिथे पुढे काय घडलं आणि त्यातलं खेळाडूला काय दिसलं, हे पंच ठरवतो. टेकडीमागे काय आहे ते टेकडीवर माणूस पाठवल्याशिवाय कळत नाही. आम्ही वर्षातून एखाद वेळी असा डाव मांडतो. रंगवलेला एकही शिपाई त्यात लागत नाही, म्हणून आमच्यातले रंगारी त्या दिवशी जरा घुश्शात असतात.

आणि झालेली लढाई पुन्हा मांडून काय मिळतं म्हणाल, तर लिव्हरपूलचं उदाहरण बघा. १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलाने तिथे एक विभाग उघडला. प्रमुख होते कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि हाताखाली बहुतेक नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली. खोलीच्या जमिनीवर समुद्र आखलेला, त्यावर इवलीशी जहाजं. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी जहाजांच्या ताफ्यांवर केलेले हल्ले त्यांनी जमिनीवर पुन्हा खेळून पाहिले. कुठलं जहाज बुडालं हे सगळ्यांना ठाऊक होतंच. पाणबुडी कुठे होती हे ठाऊक नव्हतं. ती ताफ्याच्या बाहेरून नव्हे तर रात्री आत, जहाजांच्या रांगांमध्येच शिरून टॉर्पेडो सोडत असणार, हे त्या खेळातून ताडलं गेलं आणि त्यावरचा डावपेचही तिथेच बसवला गेला. पुढे शिकायला येणाऱ्या अधिकाऱ्यांना कापडी पडद्याआड उभं करत आणि फटीतून दिसेल तेवढाच समुद्र बघू देत.

पण हे झालं वाचलेलं. माझ्या अंगावर आलेली गोष्ट वेगळी आहे.

आमच्या पंचबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. आवाज चढवत नाहीत, फासा टेबलाच्या कडेला कलला तर नुसतं बोट दाखवतात आणि आपण मुकाट्याने पुन्हा टाकतो. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी सतराव्या शतकातली सैन्यं मांडली होती. लांब भाल्यांचे चौकोन, बंदूकवाले, चिलखती घोडेस्वार. जागेला नाव नाही, लढाईला तारीख नाही. माझ्या हातात एक चिठ्ठी: "तुमचं पायदळ शत्रूच्या दुप्पट आहे. घोडदळ कमी आणि सुमार. उजवीकडे नदी, ती ओलांडता येणार नाही. शत्रू तुमच्या मुलखात लुटालूट करत हिंडतोय. आज तो समोर उभा आहे."

ज्याचं पायदळ दुप्पट, त्याने काय करायचं हे सांगायला सेनापती लागत नाही. मी फौज अरुंद आणि खोल रचली. मधोमध घुसायचं आणि फळी फोडायची.

समोर कॉलेजातला एक मुलगा होता. त्याची मांडणी बघून मला हसूच आलं. मधली फळी बाकदार करून त्याने पुढे काढली होती, तीही हलक्या प्रतीच्या तुकड्यांची. चांगले भालाईत दोन्ही टोकांना, मागे, नुसते उभे. मला वाटलं, पोरगा नवखा आहे, मांडताना चुकला. "बाई, याला एकदा नियम समजावून सांगा," असंही मी मोठेपणाने म्हणालो.

"तू तुझं बघ," बाई म्हणाल्या.

पहिल्या टकरीला मी सात फासे टाकले. चार किंवा वर पडलं की लागलं. पाच लागले. त्याची तुकडी बेसभर मागे हटली, माझी पुढे सरकली. दुसऱ्या फेरीला त्याच्या आणखी दोन हटल्या. तिसरीला त्याचा बाहेर आलेला बाक सरळ झाला, चौथीला आतल्या बाजूला वळला. टेप लावायचीही गरज नव्हती, आणखी तीन इंच आणि फळी फुटणार हे नजरेला दिसत होतं. नदीकाठचं माझं घोडदळ उधळलं गेलं तेव्हा मी म्हणालो, "जाऊ दे, ते नाही तरी कामाचं नव्हतंच." हे वाक्य क्लबमध्ये मला अजून ऐकवलं जातं.

पाचव्या फेरीला टोकांचे भालाईत आत वळले. दोन्हीकडचे, एकदम.

आमच्या नियमांत हरलेली तुकडी मागे हटते, आणि मागे हटायला जागा नसेल तर ती थेट बाद. माझ्या प्रत्येक तुकडीच्या मागे माझीच दुसरी तुकडी होती. फौज मीच इतकी दाटीवाटीने कोंबली होती की मध्ये टेपचं पातं घालायला फट नव्हती. फासे वाईट पडत होते असंही नाही. वीस बेस असले तरी कडेचे सात-आठच लढू शकत होते, बाकीचे आत उभे राहून आपली पाळी यायची वाट बघत होते. सहाव्या फेरीला त्याचं घोडदळ वळसा घालून माझ्या पिछाडीवर आलं. मी एकेक बेस उचलून खोक्यात ठेवत गेलो. टेबलाच्या मधोमध अकरा उरले तेव्हा थांबलो. पार पानिपत झालं होतं.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

कॅनी. इसवी सनापूर्वी २१६, इटलीतल्या ऑफिडस नदीचा काठ, रोमन सैन्याला घेरून कापणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल. पॉलिबियस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराच्या आकड्यांप्रमाणे रोमचं पायदळ ८०,००० आणि घोडदळ ६,०००. हॅनिबलकडे पायदळ त्याच्या निम्मं, घोडदळ मात्र १०,०००. या लढाईची आकृती मी डोळे मिटून काढून दाखवीन. नव्या सभासदांना मीच ती फळ्यावर काढून दाखवत असे. त्या दिवशी रोमन सैन्याची सूत्रं वारो नावाच्या कॉन्सलकडे, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाकडे, होती आणि वाचताना दर वेळी मी त्या वारोला हसलोय. एवढा मोठा बाक समोर आलेला दिसला नाही का या माणसाला?

दिसला असणार. मलाही दिसला होता.

आकृतीत बाण काढलेले असतात. कोण कुठून वळणार ते बाणांवरून आधीच कळतं, म्हणून वारो मूर्ख वाटतो. त्याच्या जागी उभं राहिलं की बाण नसतात. समोर फक्त मागे हटणारा शत्रू असतो, आणि दर फेरीला आपण जिंकत असतो. पाचव्या फेरीपर्यंत त्या टेबलाभोवतीच्या कुणालाही विचारलं असतं, तर मी जिंकतोय असंच त्याने सांगितलं असतं. बाई सोडून. त्या मुलालाही पूर्ण कल्पना नव्हती. मांडणी त्याला बाईंनी आखून दिली होती आणि त्याच्या चिठ्ठीत एवढंच होतं, की मधल्या तुकड्या हटल्या तरी घाबरायचं नाही. त्याच्या हातांना घाम आला होता हे मी नंतर फासे उचलताना पाहिलं. दमट होते.

तर हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. निकाल मला ठाऊक होता, नुसता ठाऊक नाही, पाठ होता, आणि तरी मी त्याच भोकात पाय घातला. ते पाऊल टाकताना कसं वाटतं, ते वाचून कळत नाही.

याचा अर्थ मला कॅनी कळली, असं नाही. तिथे माणसं मेली आणि माझे शिपाई संध्याकाळी फोमच्या खणात जाऊन झोपले. एकाचा भाला तेवढा वाकला होता, तो मी गरम पाण्यात धरून सरळ केला. भीती, धूळ, शेजारी पडणारा माणूस, यातलं काहीही टेबलावर येत नाही आणि आणूही नये. काही जण हरल्यावर "फाशांनी दगा दिला" म्हणतात. मीही म्हणतो. दोन फाशांवर बारा पडायची शक्यता ३६ मध्ये एक आहे हे मला बाईंनीच शिकवलं, आणि ती एक नेमकी माझ्याच विरुद्ध येते याबद्दल माझी त्यांच्याकडे कायमची तक्रार आहे. पण त्या रविवारी फासे माझ्या बाजूने होते. पहिल्या चार फेऱ्यांत थोडे कमी लागले असते, तर मी इतका आत गेलोच नसतो.

पुढच्या महिन्यात पंच मी आहे. एक लढाई निवडून ठेवली आहे. नदी डावीकडून उजवीकडे नेली, काळ दीड हजार वर्षांनी पुढे ढकलला, दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या लिहून झाल्या. बाई खेळाडू म्हणून बसणार आहेत. कुठली लढाई ते इथे सांगत नाही, त्या हे वाचणार.