आमची वाटचाल : शिरोलीचा गाळा, कारखान्यांचे पंप आणि आमचं सॉफ्टवेअर

शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ (धातूचे गोल पार्ट कातायचं मशीन) टाकून सुरुवात केली तेव्हा काम कुठलं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता, येईल ते घ्यायचं. कोल्हापुरात धातू ओतायच्या फौंड्र्या भरपूर, त्यामुळे गाड्यांच्या पार्टचं कास्टिंग मशिनिंगला मिळायचं, महिन्याचं शेड्यूल ठरलेलं, नगाला रेट ठरलेला. दुसरीकडं साखर कारखान्यांची ब्रेकडाऊनची कामं यायची, हंगामात आणि बहुतेक रात्रीचीच, कुठं पंपाचा शाफ्ट गेला, कुठं शाफ्टवरची स्लीव्ह घासली, कुठं गनमेटलचा बुश फुटला. शेड्यूल म्हणजे आपला धंदा आणि कारखान्याचं काम म्हणजे ओळखीत केलेली अडलीनडली मदत, असंच आम्ही धरून चाललेलो.

२०१७ ला जीएसटी आला आणि वहीवरनं टॅलीवर आलो, ते बरंच झालं. पुढच्या वर्षी ईआरपी, म्हणजे सगळ्या कामाची नोंद एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, घेतलं. का घेतलं, तर ज्यांचं जॉबवर्क करायचो त्यांच्याकडं होतं, मग आपल्यालाही लागणारच असं वाटलं. पोरांनी शिफ्ट संपल्यावर नग किती, मशीन किती तास चाललं, सेटिंगला (पार्ट मशीनवर बांधून जुळवायला) किती वेळ गेला हे भरायचं आणि महिनाअखेरीला रिपोर्ट काढायचा.

त्या रिपोर्टनं आम्हाला जवळजवळ दोन वर्षं भलत्या वाटेला लावलं. समजा कारखान्याची एक स्लीव्ह आली, तर सेटिंगला दीड तास आणि कटिंग ४० मिनिटं. झालं, एफिशियन्सी ३० टक्के, लाल रंगात. कास्टिंगच्या लॉटला एकदा सेटिंग केलं की ३०० नग निघतात, तिथं सगळं हिरवंगार. आकडे खोटे नव्हते हो, पण तो हिशेब हजारो नग काढणाऱ्या कंपनीचा होता, आमच्या गाळ्याचा नव्हता. मी मात्र त्या लाल रंगाला घाबरून कारखान्यांचे फोन टाळायला लागलो. दोन चीफ इंजिनिअर त्यात तुटले, त्यातले एक अजून परत आलेले नाहीत, आणि ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, गाड्यांचं शेड्यूल शून्यावर आलं. साखर मात्र अत्यावश्यक, ज्यांचं गाळप उरलं होतं ते कारखाने चालू, त्यामुळे आमचं थोडं काम सुरू राहिलं. त्या दिवसांत माझी बायको टॅलीतली मागच्या दोन हंगामांची सगळी बिलं काढून बसली (हिशेब पहिल्यापासून तीच बघते) आणि बार (कच्च्या मालाची सळई), इन्सर्ट (कापायची पाती), लाईट, पगार वजा करून मशीनच्या एका तासाला काय उरतं ते तिनं कामावार मांडलं. ब्रेकडाऊनमध्ये शेड्यूलच्या तिप्पट उरत होतं. म्हणाली, अहो, आपण नेमकं ह्याच कामाला नको म्हणत होतो.

मग ठरवलं, कारखान्यांचं ब्रेकडाऊन हाच मेन धंदा आणि शेड्यूल फक्त मशीन रिकामं राहू नये एवढ्यापुरतं. आता रात्री फोन आला तर मला तीनच गोष्टी कळायला पाहिजेत, ड्रॉइंग आहे का, बार आहे का आणि कुठलं मशीन सोडवता येईल. ईआरपी ह्यातलं एकही सांगत नव्हतं. बंद केलं, पैसे गेले ते गेले.

पूर्वी कारखान्याचा माणूस तुटका पार्ट घेऊन यायचा, आमचे टर्नर मामा व्हर्निअर लावून मापं घेणार, कुठल्यातरी चलनाच्या पाठीवर लिहिणार, आणि काम झालं की ते चलन गायब. पुढच्या वर्षी तोच पार्ट, पुन्हा तीच कसरत, आणि मापं घासलेल्या पार्टवरनं घेतलेली, त्यामुळे बसेल की नाही ही धाकधूक वेगळीच. आता साध्या गुगल शीटमध्ये प्रत्येक पार्टला कोड आहे, कारखाना, पंप, मटेरियल, बसल्यावर पक्की झालेली मापं, फोटो. तोच कोड टॅलीत, तोच जॉबकार्डावर, रॅकमधल्या बारची यादी शेजारच्याच पानावर. शिवाय बिलाला ४५ दिवस झाले की ओळ रंग बदलते, कारण लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा आपल्या बाजूनं असला तरी आठवण आपल्यालाच करावी लागते.

मागच्या जानेवारीत रात्री दोनला फोन आला, रस पंपाचा शाफ्ट तुटलेला, यार्डात उसाचे ट्रॅक्टर उभे. तोडलेला ऊस थांबला की वजन आणि रिकव्हरी (साखरेचा उतारा) दोन्ही उतरतात, त्यामुळे तिकडं काय चाललं असेल ते आम्हाला फोनवरच्या आवाजावरनंच कळतं. अंथरुणात बसूनच मोबाईलवर कोड काढला, ईएन-८ स्टीलचा ६५ एमएमचा बार रॅकमध्ये होता, रात्रपाळीच्या पोराला फोन करून लेथ सोडवायला लावला. त्यांचा माणूस तुटका तुकडा घेऊन पोचला तोवर नवीन शाफ्टचं निम्मं टर्निंग झालेलं, सकाळी सातला जीप शाफ्ट घेऊन परतसुद्धा गेली.

एक गोष्ट आम्ही ठरवलेलीच नव्हती. कुठला पार्ट हंगामात किती वेळा गेला हे आता शीटमध्ये आपोआप दिसतं. मे-जूनमध्ये ती यादी घेऊन जातो, साहेब, ही स्लीव्ह तीनदा गेली, ओव्हरहॉलिंगच्या वेळी दोन जादा करून ठेवा. त्यामुळे पावसाळ्यात पण दिवसापाळीचं निवांत काम मिळतं, पोरांना सुट्टी द्यावी लागत नाही.

मामा आणखी दोन वर्षांनी रिटायर होतील. कुठल्या कारखान्याचा कुठला पंप किती वर्षांचा, कुणाला फिट किती टाईट लागतो, हे अजून त्यांच्याच डोक्यात आहे. दर शनिवारी संध्याकाळी चहा झाला की नवीन पोरगा लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसतो, मामा सांगतात, तो टाईप करतो, १८ पंप झालेत आत्तापर्यंत.