खारं वारं, मिराफ्लोरेस

लिमा, ऑक्टोबर. गुरुवार रात्र

आज पॅराग्लायडरनं उडणं झालं नाही. सकाळभर वारा नव्हता. दुपारी थोडा आला, तर ढग इतके खाली उतरले की मलेकोनवरच्या, म्हणजे कड्याच्या काठानं जाणाऱ्या रस्त्यावरच्या, इमारतींचे वरचे मजले दिसेनासे झाले. पार्के रायमोंदीच्या हिरवळीवर पायलट मंडळी गुंडाळलेल्या ग्लायडरांना टेकून गप्पा मारत होती. त्यांना कसलीच घाई नव्हती, घाई होती ती आम्हा पाहुण्यांना. एक तरुण जोडपं सारखं उठून विचारून यायचं, कधी? पायलट नुसता समुद्राकडे हात दाखवायचा.

ताईला हे सगळं फारच आवडलं. ती उडणार नाही हे तिनं पुण्यातच सांगून टाकलं होतं, पण वाऱ्याची वाट बघत बसायची तिची तयारी माझ्यापेक्षा जास्त. उभी हयात कराडला भूगोल शिकवण्यात गेली तिची. फळ्यावर हजारदा काढलेला हम्बोल्ट प्रवाह आज साक्षात समोर होता, म्हटल्यावर काय!

"बारा अंश दक्षिण," ती म्हणाली. "उत्तरेला एवढ्याच अंशांवर आपलं म्हैसूर. आणि इथे आपण स्वेटर घालून बसलोय."

कारण समुद्र थंड. दक्षिणेकडून हा गार पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह किनाऱ्यालगत वर येतो, शिवाय खोलातलं गार पाणी पृष्ठभागावर येत राहतं. त्यामुळे पाण्यावरची हवाही गार आणि जड, आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण. ढग तयार होतात पण त्या झाकणाखालीच पसरून राहतात. उंच वाढून कोसळणं त्यांना जमत नाही. कोटभर वस्तीची राजधानी, महिनोन् महिने आभाळ भरलेलं, आणि पाऊस जवळजवळ नाहीच. पडते ती गारुआ, म्हणजे छत्री उघडावी की नको असं वाटायला लावणारी भुरभुर. या करड्या आभाळाला इथले लोक गाढवाचं पोट म्हणतात. बघितल्यावर पटतं.

पाच वाजता पायलटांनी पिशव्या उचलल्या. उद्या या म्हणाले.

शुक्रवार

आजही नाही. पण आजचा दिवस कड्याचा.

कठड्याला टेकून खाली बघवत नाही मला. पोटात खड्डा पडतो, तळव्यांना मुंग्या येतात. कडा सुमारे सत्तर मीटर उंच, जवळजवळ सरळ उभा. खाली किनाऱ्याचा मोठा रस्ता, गाड्यांची रांग, त्यापलीकडे गोट्यांचा किनारा आणि लाटांवर काळे ठिपके, म्हणजे सर्फिंग करणारी पोरं. लाट परतताना गोटे एकमेकांवर घरंगळतात, तो खडखडाट वरपर्यंत येतो.

ताईनं मात्र कठड्यावरून वाकून वाकून पाहिलं. कडा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सह्याद्रीच येतो, काळा कातळ, लाव्ह्याचे थरावर थर. हा कडा खडकाचा नाहीच. रिमाक नदीनं अँडीजमधून वाहून आणलेले गोलगोटे, वाळू, माती यांचा हा ढीग. नदीच्या मुखाशी पंखा पसरावा तसा गाळ साठला, त्यावर शहर बसलं, आणि पुढून समुद्रानं तो कापत आणला. म्हणून इथे दरडीतून दगड सुटतात. बऱ्याच ठिकाणी जाळ्या ठोकल्यात, खालच्या गाड्यांवर गोटा येऊन आदळू नये म्हणून. ताईला गोटे मोजण्याइतके जवळून बघायचे होते. मी तिचा पदर धरून ठेवला. स्वेटरवर साडी, साडीखाली बूट. एका शाळकरी मुलीनं येऊन आमच्याबरोबर फोटो काढून घेतला.

ज्या बागेतून ग्लायडर उडतात ती अंतोनियो रायमोंदी यांच्या नावाची. हा निसर्गशास्त्रज्ञ मूळचा मिलानचा, १८५० साली पेरूत आला आणि हा देश पायी, घोड्यावर, मिळेल तसा पालथा घातला. अँडीजमध्ये फार वर्षांनी एकदाच फुलणारी आणि मग मरून जाणारी ती प्रचंड पुया वनस्पती याच्याच नावाची. ताईला तो माहीत होता. मला नव्हता.

तिथून चालत 'प्रेमाच्या बागे'त गेलो. १९९३च्या व्हॅलेंटाइन डेला उघडलेली. व्हिक्तोर देल्फिन यांचं मिठी मारून चुंबन घेणाऱ्या जोडप्याचं अवाढव्य शिल्प, भोवती रंगीत तुकड्यांच्या नागमोडी भिंती. ताई म्हणाली, "सिमेंट फार झालं." मला शिल्प आवडलं, भिंती थोड्या जास्त झाल्या. ऑक्टोबर इथे जांभळा महिना. सेन्योर दे लोस मिलाग्रोस या ख्रिस्तप्रतिमेची मोठी मिरवणूक जुन्या शहरात निघते आणि बायका महिनाभर जांभळे झगे घालून वावरतात. बागेत तशा दोघीतिघी होत्या. चौकाचौकात तुर्रोन नावाची मिठाई, वर रंगीत गोळ्या पेरलेली. दातांना चिकटते, पण छान आहे.

शनिवार रात्र

झालं! आधी हवेबद्दलच लिहिते, बाकी सगळं तिच्यावरच अवलंबून.

अकराच्या सुमारास आभाळ विरळ झालं, जमीन तापली आणि समुद्राकडून वारा सुरू झाला. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्यांतले खारे वारे ते हे. वारा तुरळक असताना पायलटांनी विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर दूर पाण्यावर. पाण्यावर बारीक सुरकुत्या पडल्या, मग पांढरे फेसाळ ठिपके दिसू लागले, आणि हिरवळीवरची सगळी माणसं एकदम उठली. दोन दिवस ऐसपैस बसलेली हीच माणसं, यावर विश्वास बसू नये अशी लगबग.

समुद्रावरून सरळ येणाऱ्या वाऱ्याला कडा आडवा येतो. पुढे जायला जागा नाही, म्हणून वारा वर चढतो. कड्याच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूला, वर चढणाऱ्या हवेचा एक पट्टा तयार होतो. ग्लायडर स्वतः कायम खालीच येत असतो, सेकंदाला साधारण एक मीटर. हवा त्याहून वेगानं वर चढत असेल, तर तो तरंगत राहतो, अगदी तासन् तास. वारा पडला की पट्टा संपला, मग खालच्या किनाऱ्यावर उतरा. वारा फार वाढला तरी पंचाईत, कारण टँडम, म्हणजे पायलट आणि पाहुणा अशा दोघांना नेणारा, ग्लायडर ताशी सदतीस-अडतीस किलोमीटरनं जातो; तेवढाच वारा समोरून आला तर तो जागच्या जागी थांबतो आणि त्याहून जास्त आला तर मागे, शहरावर ढकलला जातो. कड्याच्या काठामागे हवा गिरक्या घेत खाली येते, तिथे जायचं नसतं. म्हणजे उडायचं ते एका अरुंद गल्लीत. गल्ली दिसत नाही, पण पायलटला तिच्या दोन्ही भिंती माहीत असतात.

मी याआधी कामशेतला टॉवर हिलवरून टँडममध्ये उडले आहे. ते उड्डाण उन्हाचं. तापलेल्या शेतांवरून गरम हवेचे फुगे सुटतात, ते वर उचलतात, बाहेर पडलं की आपटतात. मजा येते आणि मळमळतं. गोव्यात केरी आणि हरमलच्या मधल्या जांभ्याच्या पठारावरून समुद्रवाऱ्यावर उडतात, ते मी खालून वाळूत बसून पाहिलं होतं. आज ते अंगावर घेतलं. समुद्रावरून येणारी हवा कुठे अडखळलेली नसते, म्हणून तिला गचके नाहीत.

माझा पायलट चाळिशीचा, दाढीत पांढरे केस, इंग्रजी माझ्या स्पॅनिशइतकंच. वजन विचारलं, कागदावर सही घेतली, हार्नेसचे पट्टे ओढून पाहिले, परत ओढून पाहिले. पुन्हा तिसऱ्यांदा ओढले तेव्हा मला बरं वाटलं. मी पुढे, तो मागे. त्यानं वाऱ्याकडे तोंड आणि ग्लायडरकडे पाठ असा उभा न राहता उलट वळून तो डोक्यावर उभा केला, मग फिरला आणि म्हणाला, "कामिना, कामिना." चाल, चाल. धावायची तयारी करून आले होते. चार पावलं टाकली नसतील, पाय हवेत चालायला लागले. उडी नाही, कोसळणं नाही. उभ्या उभ्या उचलले गेले.

आणि भीती गेली. कठड्याशी जे पोटात होतं ते अजिबात नाही. नजर पायापासून भिंतीवरून सरळ खाली घसरते तेव्हा घाबरायला होतं; इथे पायाखाली घसरायला भिंतच नव्हती.

पायलटनं हातात कॅमेऱ्याची काठी दिली. हसा, हात हलवा. थोडा वेळ हसले. मग लक्षात आलं की पॅसिफिक सोडून मी स्वतःच्याच तोंडाकडे बघतेय. काठी त्याला परत दिली. त्याला आश्चर्य वाटलं असावं. या धंद्यानं उड्डाणाला 'साहस' म्हणून विकायचं ठरवलंय, आणि साहस विकायचं तर किंचाळणारा चेहरा लागतो. प्रत्यक्षात तिथे किंचाळण्यासारखं काहीच नाही. शांतपणे फेऱ्या मारायच्या असतात.

आधी दक्षिणेकडे, लार्कोमारच्या दिशेनं. कड्याच्या पोटात खोदून बसवलेला हा मॉल १९९८चा. त्याच्या उघड्या मजल्यांवर लोक कॉफी पीत होते आणि आम्ही त्यांच्या समोरून, त्यांच्याच उंचीवरून गेलो. त्यापुढे इमारती. उंच इमारतही वाऱ्याच्या आड येते, म्हणून तिच्यासमोर कडा जणू तेवढा आणखी उंच होतो. तिथे व्हेरिओचा, म्हणजे वर चढतोय की खाली येतोय ते सांगणाऱ्या यंत्राचा, टिटि-टिटि आवाज वाढला आणि आम्ही मजले चढू लागलो. आठवा, दहावा, बारावा. एक माणूस बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता, त्यानं मान वर केली नाही. एका खिडकीत इस्त्रीचं टेबल, त्यावर शर्ट. हॉटेलच्या व्यायामशाळेत ट्रेडमिलवरचे लोक काचेकडे, म्हणजे आमच्याकडे तोंड करून पळत होते. एका बाळाला कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवून भरवत होतं. मी इथे राहत असते तर पडदे ओढले असते. पण या लोकांना सवय झालेली दिसली.

हवेत आणखी चार-पाच ग्लायडर होते. गल्ली अरुंद, येणारे-जाणारे समोरासमोर. नियम असा की ज्याच्या उजव्या हाताला कडा, त्याला वाट द्यायची. दुसऱ्यानं उजवीकडे, समुद्रावर बाजूला व्हायचं. जाताना कडा आमच्या डावीकडे होता, म्हणून आम्ही बाजूला होत होतो. येताना लोक आमच्यासाठी होत होते. वळायचं ते नेहमी समुद्राकडे, कड्याकडे कधीच नाही. दर वळणावर क्षितिज तिरकं होऊन दूर मोर्रो सोलारची टेकडी डोळ्यांसमोरून सरकायची.

मग गिधाडं आली. काळी, मुंडकी सुरकुतलेली, इथे गाइनासो म्हणतात. आमच्याच पट्ट्यात आमच्यापेक्षा कितीतरी हुशारीनं. एक तर डाव्या बाजूला पंधरा-वीस फुटांवर बराच वेळ आमच्याबरोबर होतं. पंख हलवले नाहीत. फक्त टोकाची पिसं बोटांसारखी वेगवेगळी हलत होती, आणि मान वळवून ते आमच्याकडे पाहत होतं. ते जिथे वर चढलं तिथे पायलटही वळला, तेव्हा कळलं की हा विंडसॉक बघत नव्हता, हे बघत होता.

उतरणं पुन्हा त्याच हिरवळीवर. पट्ट्याच्या कडेला जाऊन थोडी थोडी उंची घालवली, मग बागेवर आलो, खालच्या पोरांनी हार्नेस धरलं. पाय टेकले. माझ्यानंतरचा नंबर जांभळा झगा घातलेल्या सत्तरीच्या आजींचा होता. त्यांनी चपला काढून नातवाकडे दिल्या, बूट चढवले, क्रूस केला आणि काठी आधीच हातात मागून घेतली.

रविवार

ताईनं रात्री गिधाडांवरून झोपू दिलं नाही. इथल्या पर्यावरण मंत्रालयानं काही वर्षांपूर्वी दहाएक गिधाडांच्या पाठीवर जीपीएस आणि कॅमेरे बसवून शहरातले बेकायदा कचऱ्याचे ढीग शोधले होते. नजर गिधाडाची, नकाशा सरकारचा. ताई म्हणाली, आपल्याकडे हे करायला गिधाडं तरी हवीत ना. नव्वदच्या दशकात गुरांना डायक्लोफेनॅक टोचायला लागले, मेलेल्या गुरांतून ते गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त. २००६ साली त्या औषधाचा गुरांसाठीचा वापर बंद केला तोवर आभाळ रिकामं झालं होतं. तिच्या लहानपणी कोयनेच्या काठी झाडं वाकायची म्हणे गिधाडांनी. मी तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, मला आठवतात ती थोडीच. ही काळी गिधाडं आपल्यांच्या नात्यातलीही नाहीत खरं तर, वेगळ्याच कुळातली. पण काम तेच.

आज नाश्त्याच्या टेबलावर तिनं कागद-पेन पुढे सरकवलं. "समोरून कड्याचे थर कसे दिसले? काढ."

मी म्हटलं, "ताई, मी खिडक्या बघत होते."

"अख्खा गाळाचा छेद नाकासमोर, आणि ही लोकांची इस्त्री बघते!"

आठवून आठवून काढले. वर मातकट, मध्ये मोठ्या गोट्यांचा पट्टा, खाली पुन्हा बारीक वाळू, मग परत गोटे. तिनं वाळूचा थर खोडला, म्हणाली इतका जाड असणार नाही. मग स्वतःच शंका काढली आणि बूट शोधायला उठली. खालच्या रस्त्यानं चालत जाऊन कडा पायथ्यापासून बघायचा असं ठरलंय, जाळ्या आहेत तिथून लांब राहून. विमान रात्री उशिराचं आहे, जमेल.